बसल्या अंगाचं माप

मास्तरीणबाईची गाडी मागून उचललेली होती. दाणे टिपताना कोंबडी शेपूट वर करते, अगदी तशी. परका माणूस गल्लीत आला की त्याला वाटायचं, गाडी उतारावर लावली आहे, आणि तो मागच्या चाकाखाली दगड आहे का ते वाकून बघायचा. गल्ली सपाट होती. उतार होता तो गाडीच्या अंगात.

हा उतार कुठून आला, हे दोनच माणसांना नीट ठाऊक होतं. एक मास्तरीण, जिची गल्लीच्या तोंडाशी शिवणाची शाळा होती. आणि दुसरा तिचा थोरला भाऊ, ज्याचं घर शाळेच्या बरोबर समोर होतं.

गाडी मूळची दादाची. उमेदीच्या वयात त्यानं ती घेतली, आणि तेव्हाही ती जुनीच होती. साईसारखा रंग, गोल डोळे, पोटात ऐसपैस जागा. काम संपलं की दादा अंगणाच्या बुटक्या भिंतीवर बसायचा आणि नुसता तिच्याकडे बघत राहायचा. शेजारी धाकटी बहीण. ती लहानपणापासून बारीक आणि टोचरी, म्हणून दादा तिला टाचणी म्हणायचा.

"टाचणे, हिला एकदा खाली बसवायची आहे बघ," तो म्हणायचा. "मांजर दबकून चालते ना, पोट जमिनीला लागेल न लागेल असं, तशी चालली पाहिजे ही. आणि चाकं जरा भरीव हवीत. चाकावरची कमान कशी भरून आली पाहिजे."

मग टाचणीनं शिवणकाम सुरू केलं. कापडाचे तागे आणायला दुसरं वाहन नव्हतं. तागा दिसतो मऊ, पण उचलायला गेलं की कंबरेतून कळ येते. असे तागे भरून भरून गाडी मागून बसायला लागली. एके दिवशी दादा कुणाला काही न सांगता गाडी घेऊन गेला आणि मागच्या दोन्ही चाकांवर एकेक पाटा वाढवून आला. पाटा म्हणजे वाकवलेली पोलादी पट्टी. अशा पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात आणि गाडीचं मागचं अंग त्यांच्यावर तोललेलं असतं. एक पट्टी वाढली तशी गाडी तागे भरल्यावर सरळ दिसू लागली, आणि रिकामी झाली की शेपूट वर. मांजर राहिली बाजूला, तिची कोंबडी झाली. दादानं त्यावर पुढं कधी चकार शब्द काढला नाही. मास्तरीणही बोलली नाही. पण रोज सकाळी शाळेचं दार उघडताना तिला ते उचललेलं शेपूट दिसायचं, आणि ते कुणासाठी उचललेलं आहे हेही आठवायचं.

वर्षं गेली. कापड घरपोच यायला लागलं. मास्तरीण शिवायची कमी आणि शिकवायची जास्त, असं झालं. तागे वाहणं थांबलं, वाढवलेले पाटे मात्र होते तिथंच राहिले.

आणि मग दादाची नजर कडेनं विझत गेली. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण बाजूनं येणारी सायकल पुढ्यात आल्यावरच कळायची. डॉक्टरनं सांगितलं, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. दादा घरी आला, रस्ता ओलांडून शाळेत गेला आणि किल्ली बहिणीच्या शिलाई मशीनवर ठेवली.

"आता तुझी," एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून तो गाडीत बसला नाही. चालवायला तर नाहीच, बाजूच्या सीटवरही नाही.

वहिनी एका दुपारी शाळेत आली ती पदर खोचूनच भांडायला आल्यासारखी. "वन्सं, तुम्हीच सांगा आता ह्यांना! काल दवाखान्यात जायला भाड्याची गाडी बोलावली. दारात घरची उभी असताना! ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघतोय."

"मला हाक का नाही मारली?"

"मारणारच होते. तर हे म्हणतात, मी काय तागा आहे का, भरला आणि नेला?"

मास्तरणीच्या हातातली कात्री कापडात तशीच थांबली. वहिनी आपली बोलत राहिली, पण मास्तरणीला पुढचं काही ऐकू आलं नाही. तागा! गावभर इतके शब्द असताना दादाला नेमका तोच सुचावा? त्या दिवशी तिनं वर्ग लवकर सोडला आणि बुटक्या भिंतीवर एकटीच जाऊन बसली. समोर गाडी शेपूट वर करून उभी. दादा पुन्हा त्या गाडीत बसला पाहिजे, हे तिच्या मनानं घेतलं. नुसतं बोलावून तो येणार नव्हता, हट्ट तर दोघांच्याही घरचा होता. पण त्यानं एकदा जी गाडी डोळ्यांपुढं आणली होती, ती खरोखरच दारात उभी राहिली तर?

दुसऱ्या दिवशी ती खाकी कागदाची गुंडाळी काखेत मारून टायरच्या दुकानात गेली.

टायरवाला बोलघेवडा. त्यानं भिंतीवरची काळी, चकचकीत, शंभर काड्यांची रिम काढून पुढं ठेवली. "बाई, ही घाला. रस्त्यानं माना वळतील."

"माना वळवायचं माझं वय गेलं. गाडीचंही. साधी दाखव."

"साधी कोण बघतं हो?"

"मी बघते. आणि आणखी एक जण बघणार आहे, त्याला आणखी बारीक दिसतं."

तिनं दुकानाच्या फरशीवर कागद अंथरला आणि एकेक रिम, एकेक टायर त्यावर ठेवून खडूनं आखून घेतलं. कापडाला हात लावण्याआधी कागद कापायचा, ही तिची जुनी रीत. टायरवाल्यानं कपाळाला हात लावला, पण एक गोष्ट त्यानं कळकळीनं सांगितली. "रिम एक नंबर मोठी घेतलीत तर टायरची भिंत तेवढी बुटकी घ्या. बाहेरचा घेर होता तेवढाच राहिला पाहिजे. नाहीतर वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो."

घेर म्हटल्यावर मास्तरणीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

घरी येऊन तिनं कागदाची चाकं कापली, आत रिम काळ्या खडूनं रंगवली आणि चिकटपट्टीनं गाडीच्या चाकांवर लावून बघितली. एक जोडी लावायची, भिंतीवर जाऊन बसायचं, डोळे बारीक करायचे, उठून दुसरी लावायची. पहिली जोडी मोठ्या रिमची आणि पातळ टायरची. "बूट घातले आणि मोजे विसरली," असं म्हणून तिनं ती फाडून टाकली. दुसरी फारच रुंद, गाडीनं कुणाचा तरी मोठा कोट मागून आणल्यासारखी. तिसरी मात्र बसली. साधी पोलादी रिम, होती त्याहून जेमतेम एक नंबर मोठी, मधोमध वाटीसारखं छोटं झाकण, आणि टायरला गाल भरलेले.

समोरच्या व्हरांड्यात दादा बुटांना पॉलिश करत होता. एकच बूट तो बराच वेळ घासत होता.

"वन्सं," वहिनी फाटकातून ओरडली, "कागदाच्या चाकांवर कुठवर जाणार?"

"तुमच्या दारापर्यंत आली तरी पुरे!"

दादानं बूट बदलला.

त्या मापाची खरी चाकं टायरवाल्याकडून बसवून घेऊन मास्तरीण पाटेवाल्याकडे गेली. त्याचं दुकान मोठ्या रस्त्याच्या टोकाला. आत भट्टी, भिंतीवर लहानमोठे पाटे टांगलेले, आणि मधे स्वतः पाटेवाला, कानात कापूस घालून. त्यामुळे त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागायचं आणि तोही ओरडूनच उत्तर द्यायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथं कायमच भांडण चाललंय.

"मागचे वाढीव पाटे काढतो," तो ओरडला. "खाली एकेक ठोकळा घालतो, मागून बसेल. पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की पुढूनही बसली. संध्याकाळी घेऊन जा!"

"कापायचं नाही!"

"काय?"

"कापायचं नाही म्हणते! एकदा कापलं की परत जोडता येत नाही. आधी कच्चं बांध. आखूड स्प्रिंगा आहेत ना कोपऱ्यात? त्या लावून बघ."

"बाई, ही गाडी आहे. झगा नाही, कच्ची टीप घालायला!"

"माझ्यासाठी झगाच आहे!"

पाटेवाल्यानं कच्चं बांधलं. मास्तरीण रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहिली, गिऱ्हाईक आरशासमोर उभं असताना राहते तशी, मान कलती करून. "मागून आणखी एक बोट!" गाडी पुन्हा वर, ठोकळा बदलला, पुन्हा खाली. "पुढून अर्धं बोट!" पाटेवाल्याच्या कानातला कापूस घामानं भिजून बाहेर आला. शेवटी ती इकडे आली, गळ्यातली टेप काढली आणि जमिनीपासून चारही कमानींपर्यंत मापं घेतली. डावं उजवं जुळलं, पुढचं मागचं जुळलं. चाकं सरळ, गाडी रिकामी, चारही पायांवर ताठ उभी. "आता पक्कं कर," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काय रुबाब होता!

निघताना पाटेवाल्यानं काढलेले जुने पाटे भंगाराच्या ढिगाकडे भिरकावायला उचलले.

"एक मला दे," ती म्हणाली.

"काय करणार त्याचं?"

"आहे काम."

संध्याकाळच्या उन्हात गाडी गल्लीत शिरली. कोंबडी गेली होती. पोट जमिनीजवळ घेऊन, खांदे सैल सोडून, मांजर चालत आली. शाळेतल्या पोरी खिडकीत गोळा झाल्या. दादा व्हरांड्यातून उतरून फाटकाशी आला होता. मास्तरणीनं गाडी थांबवली, मागच्या सीटवर ठेवलेला पाटा उचलला आणि कापडाच्या चिंधीत गुंडाळलेला तो गंजका तुकडा त्याच्या पायरीवर ठेवला.

"काढला, दादा. माझे तागे संपले."

दादा पाट्याकडे बघत राहिला. मग गाडीभोवती फिरला. कडेचं दिसत नसल्यामुळे तो आता सगळं मान वळवून बघायचा, आणि त्यामुळे एखाद्या वस्तूकडे फारच लक्ष देऊन बघतोय असं वाटायचं. त्या दिवशी मात्र ते खरंच होतं. टायरच्या गालावर त्यानं तळवा ठेवला. कमानीत बोटं घालून पाहिली. छतावर दोनदा थाप मारली, पूर्वी मारायचा तशी.

मास्तरणीनं बाजूचं दार उघडून धरलं.

"झकास झालीय," दादा म्हणाला. "जा, फिरवून आण."

आणि पाटा उचलून घरात गेला.

ती गाडी न फिरवताच शाळेत परतली. मशीनवर बसली आणि दोरा ओवायला गेली, तो ओवेना. एवढं करून घोडं होतं तिथंच अडलेलं. दादाला गाडी आवडली होती, हे तर दिसतच होतं. नव्हती आवडत ती बाजूची सीट. नुसतं बसून राहणं, स्वतः काही न करता कुणीतरी नेणं. त्याला काय शिवून घालणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बाजाराला निघाली. "मला न्या हो वन्सं, मला कसलाही मान लागत नाही," म्हणत ती बाजूच्या सीटवर बसली. वहिनी अंगानं भरलेली, मांडीवर पिशवी, पायाशी दुरुस्तीला न्यायचा मिक्सर. मास्तरणीनं गाडी काढली, गल्लीच्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, पुढचं चाक तिथल्या खोलगट भागात उतरलं आणि

खर्रर्र.

"अगंबाई! फाटलं काय?" वहिनीनं पिशवी छातीशी धरली.

"थांब!" व्हरांड्यातून आवाज आला. "तशीच थांब! स्टिअरिंग हलवू नकोस!"

दादा घरातल्या चपला घालून आला, जवळजवळ धावतच. पुढच्या चाकाशी गुडघ्यावर बसला, मान वळवून वळवून आत पाहिलं. बोट फिरवलं आणि ते काळं झालेलं बोट बहिणीपुढं धरलं. कमानीची आतली कड टायरला घासली होती.

"मापं कुणी घेतली?"

"मी."

"कशी?"

"टेपनं. चारही कमानी एकसारख्या. दोरीत."

"गाडी रिकामी होती?"

मास्तरणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारच्या दारातनं दोन डोकी बाहेर आली होती.

"आणि चाकं सरळ होती?" दादानं विचारलं.

तिनं मान डोलावली.

"टाचणे, नव्या पोरी येतात तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना काय सांगतेस? इतकी वर्षं समोर बसून ऐकतोय मी. पाठ झालंय मला."

"सांगा की वन्सं," वहिनीला आतनंच हसू फुटलं. "मलाही पाठ आहे."

मास्तरणीनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि शाळेत म्हणते त्याच सुरात म्हणाली, "उभ्या माणसाचं माप निम्मं माप. त्याला बसव, वाकव, हात वर करायला लाव, आणि मग टेप काढ."

"मग गाडीला का नाही बसवलंस?"

"गाडी बसते हे डोक्यातच आलं नाही रे!"

आणि हे म्हणताना तिचं तिलाच हसू आलं, कारण खाली बसवायची, खाली बसवायची म्हणून तिनं पाटेवाल्याचा जीव खाल्ला होता. दादा रस्त्यावर बसूनच हसत होता. किती दिवसांनी तो असा पोट हलवून हसला, ते वहिनीनं आतनं पाहिलं आणि हसायची थांबली.

मग मास्तरणीनं डोकं वर केलं. तिच्या चेहऱ्यावर आता गिऱ्हाईक हातचं जाऊ न देणाऱ्या बाईचा भाव आला होता.

"दादा, पुन्हा माप घ्यायचं तर सीटवर माणूस लागणार."

"ही आहे की बसलेली."

"वहिनी नाही चालणार."

"का? माझ्यात काय कमी आहे?" वहिनी म्हणाली.

"कमी नाही वहिनी, पण ही गाडी तुमच्या मापाची करायची नव्हतीच. ज्याच्यासाठी शिवायचं, त्यालाच बसवून माप घ्यायचं. दुसऱ्याला बसवलं तर पुन्हा खर्रर्र होणार." ती दादाकडे वळली. "आत्ता चुकलं ते याचमुळं. तू नव्हतास त्यात."

दादा गुडघ्यावरची धूळ झटकत राहिला, धूळ संपली तरी. वहिनी चटकन उतरली, मिक्सर काढून घेतला आणि सीट हातानं झटकली, जणू तिथं काही सांडलं होतं.

"माप द्यायला येतो," दादा शेवटी म्हणाला. "फिरायला नाही. आधीच सांगतो."

"फिरायला कोण नेतंय तुला!" मास्तरीण म्हणाली.

पाटेवाल्यानं त्या दिवशी जन्मात घेतली नसतील अशी मापं घेतली. दादा बाजूच्या सीटवर ताठ बसलेला, हात मांडीवर, फोटोला बसल्यासारखा. मास्तरीण स्टिअरिंगवर, एकदा इकडे पूर्ण, एकदा तिकडे पूर्ण. पाटेवाला चाकाशी पालथा पडलेला.

"दादा, जरा पुढं वाका!" तो ओरडला.

"वाकलो!"

"आता मागं टेका! श्वास सोडा!"

"श्वासानं गाडी खाली बसते होय रे?"

"तुमच्या पोटाकडे बघून सांगतोय!"

पुढच्या स्प्रिंगांखाली एकेक जाड कडं घालून गाडी पुढून बोटभर वर घेतली. तरी पूर्ण वळणावर आतली कड जवळ येत होती. पाटेवाला डोकं खाजवायला लागला तेव्हा मास्तरीण खाली वाकली. "ही कड आत दुमड. सदऱ्याच्या टोकाला हेम घालतो ना, तशी. अख्खी कमान, एकसारखी, सुरकुती न पडता."

"रंग तडकेल!"

"पत्रा ऊन कर, हळूहळू दुमड," हे दादा म्हणाला, आतनं. "घाई केलीस तर तडकेल. दाब थोडा, फेऱ्या जास्त. मी धरतो दिवा." आणि उतरून त्यानं दिवा धरला. काम संपेपर्यंत तो कमानीकडे मान वळवून उभा होता. कड संपत आली तसा मास्तरणीनं त्या दुमडीवरून अंगठा फिरवला. टीप सरळ होती.

परत येताना दादा आपणहून बाजूच्या सीटवर बसला. माप पुन्हा तपासायला नको का, असं काहीतरी पुटपुटला. मोठ्या रस्त्यावर गाडी खाली दबून, पण कुठं न घासता, सरसर चालली होती. बाजूनं एक सायकल आली ती दादाला दिसली नाही, मास्तरणीला दिसली. पुढच्या चौकातला खड्डा मास्तरणीला आठवला नाही, दादाला आठवला.

"गिअर उतरव," तो म्हणाला. "हां. आता सोड."

गल्लीचं वळण आलं. तोच खोलगट भाग. दोघांनीही श्वास धरला. स्टिअरिंग पूर्ण फिरलं, चाक खाली उतरलं, वर आलं. काही आवाज नाही. वहिनी फाटकात उभी होती, तिनं दोन्ही हात वर केले.

मास्तरणीनं गाडी थांबवली. दादा उतरला नाही. समोरच्या बुटक्या भिंतीकडे बघत बसून राहिला. तिथं आता कुणी नव्हतं.

"नव्या स्प्रिंगा लगेच बसत नाहीत," तो म्हणाला. "चालवून चालवून बसतात. माप बदलतं. उद्या बघायला लागेल पुन्हा."

"बघू की."

"परवाही."

"बघू."

ह्याला आता बरेच दिवस झाले. स्प्रिंगा केव्हाच बसल्या, बसायच्या तेवढ्या. पाटेवाल्यानं तसं ओरडून सांगितलंही. तरी शाळा सुटली की दादा पॉलिश केलेले बूट घालून फाटकात येतो, गाडीभोवती एक फेरी मारतो, कमानीत बोटं घालतो आणि बाजूचं दार स्वतः उघडतो. वहिनी व्हरांड्यातून विचारते, "निघाले का फिरायला?"

"फिरायला कोण जातंय," दादा आतनं म्हणतो. "माप घ्यायचंय."